‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द मोजताना

पीएच.डी.साठी मी समाजमाध्यमांवरच्या पोस्ट मोजत होते. विषय होता मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च. ६ तारखेला नाशिकहून निघालेले शेतकरी जवळपास १८० किलोमीटर चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोचले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतूनच चालून काढला. या सहा दिवसांत मराठी माणूस या चालण्याबद्दल काय बोलला, ते मला हवं होतं. पोस्ट इतक्या जमल्या की माझ्या लॅपटॉपवर ती फाइल उघडेचना.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. ‘शेतकरी’ भरपूर सापडत होता, ‘शेतकऱ्यांचा’, ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांनी’ मात्र फारच कमी. मराठीत हे शक्यच नाही. आपल्याकडे शब्द प्रत्ययाशिवाय फार वेळ राहत नाही. दोन दिवस मी स्वतःचीच चूक शोधत बसले. शेवटी दोन पोस्टमधले ‘शेतकऱ्यांचा’ उचलून शेजारी शेजारी ठेवले. डोळ्यांना अगदी एकसारखे. संगणक म्हणाला, हे दोन वेगळे शब्द आहेत.

कारण साधं होतं. तो ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. काही साधा ‘र’ घेतात आणि पाय मोडल्यावर मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तेच, कुठे एकच अक्षर, कुठे ‘अ’वर वेगळा चंद्र. मी फक्त पहिल्या प्रकारचा ‘ऱ्य’ शोधत होते, म्हणजे कीबोर्ड वेगळा असलेली सगळी माणसं माझ्या अभ्यासातून बाहेर होती. ते लक्षात आलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. दुरुस्ती केल्यावर आकडा एकदम वर गेला.

मग एकेक निघत गेलं. कुणी ‘मोर्चात’ लिहितं, कुणी ‘मोर्च्यात’. बातम्या या मोर्चाला ‘लाल वादळ’ म्हणत होत्या, त्या शब्दांत ना शेतकरी येतो ना मोर्चा. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी सॉफ्टवेअरने भलत्याच भाषेच्या खात्यात टाकलं होतं. आणि पेठ! मोर्चात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, दिंडोरी भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते, म्हणून मी ‘पेठ’ शोधलं, तर पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेचं ट्रॅफिक हाती आलं.

वर्गात मी गुगल फ्लू ट्रेंड्सचं उदाहरण देते. लोक काय शोधतात त्यावरून अमेरिकेतली फ्लूची साथ ओळखायची, असा तो प्रयोग २००८ मध्ये सुरू झाला. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात त्याची तपासणी छापून आली. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे त्याने फ्लू जास्त दाखवला होता. बातम्या पाहून घाबरलेला निरोगी माणूसही शोधतो, शिवाय शोधयंत्रच मधूनमधून बदलत असतं. मुलांना हे लगेच पटतं. पण ती गोष्ट इंग्रजीतली आहे, तिथे निदान शब्द तरी नीट मोजले गेले होते. आपल्याला त्याच्याही अलीकडून सुरुवात करायची आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. इतक्या लोकांचं बोलणं एका ‘ऱ’वरून गळावं, हे मला मान्य नाही.

माझे एक काका दिंडोरीहून या मोर्चात चालले होते. त्यांच्याकडे बटणांचा फोन. मी विचारलं, “काका, वाटेत फोनवर काय बोलायचात?” म्हणाले, “काय बोलणार? गाईला चारा टाकला का, इतकंच. आणि पायाचं घरी सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.” त्यांच्या पायांना फोड आले होते. हे वाक्य कुठल्याच फाइलमध्ये मिळालं नसतं. प्रबंधात त्यासाठी मी एक वेगळं प्रकरण लिहिलं, बारा मुलाखतींचं. मार्गदर्शकांना आधी ते अनावश्यक वाटलं होतं. मी हट्ट सोडला नाही.

आता माझ्या एका विद्यार्थिनीला तोच अभ्यास कांद्याच्या भावावर करायचा आहे आणि दारं बंद होत चालली आहेत. संशोधकांना ट्विटरचा विदा (डेटा) फुकट मिळायचा, ते २०२३ मध्ये थांबलं. फेसबुकच्या सार्वजनिक पोस्ट पाहण्याचं साधन क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. व्हॉट्सॲपवरचं खाजगी बोलणं तर कधीच आपलं नव्हतं आणि नसावंही. तिला मी सांगितलं, जे सार्वजनिक मिळेल ते घे, पण आधी शब्दांची वही कर.

तिने केली. ‘कांदा’, ‘कांद्या’, ‘कांदे’, ‘कांद्यां’पासून सुरुवात आहे. काल लासलगावच्या बाजार समितीत जाऊन आली, तर वहीत ‘उन्हाळ’, ‘गोल्टी’ आणि ‘चिंगळी’ हे कांद्याचे प्रकार वाढले होते. ‘चिंगळी’ मलाही माहीत नव्हतं.