पितळी कोळशाची इस्त्री: तीन महिन्यांनी पहिला निखारा

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी घेतलेली पितळी इस्त्री काल गच्चीवर पहिल्यांदा पेटवली. रिकामी असताना वजन ५ किलो ४०० ग्रॅम. घेतली तेव्हा बिजागरी जाम होती, मूठ उभी तडकलेली होती, आतली जाळी गायब होती. पण तळ एकसंध होता, आणि मी तेवढंच बघून घेतली. बाकी सगळं नवं करता येतं. तळाला चीर असेल तर ती फक्त कपाटात मांडायची वस्तू, आणि मला कपडे करायची इस्त्री हवी होती.

सगळ्यात जास्त वेळ बिजागरीने घेतला. इस्त्रीचं अंग पितळेचं आणि खीळ लोखंडाची. हे दोन धातू एकमेकांना टेकून दमट हवेत पडून राहिले की लोखंड गंजतं, आणि गंज फुगतो. त्यामुळे खीळ आतल्या आत आवळून बसली होती. पंधरा दिवस रोज डिझेलचे चार थेंब सोडले, शेक देऊन पाहिला, जराही हलली नाही. अशा वेळी हातोडी उचलावीशी वाटते. उचलू नका, ओतीव पितळाचा कान पटकन तुटतो. शेवटी तांबट आळीतल्या एका कारागिरांकडे नेली. त्यांनी खीळ बारीक ड्रिलने पोखरून काढली, पितळी सळईचा तुकडा घातला आणि दोन्ही टोकं ठोकून पसरवली. आता झाकण एका बोटाने उघडतं.

घासताना मात्र माझ्याकडून चूक झाली. चिंच-मिठाचा लेप रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी एक बाजू गुलाबी दिसायला लागली. आंबटात जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त सुटतं आणि वर तांब्याचा रंग उरतो. वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने) तो थर काढावा लागला. लेप दहा मिनिटं पुरतो, मग धुवून लगेच कोरडं करायचं.

तळासाठी जाड काच सपाट ठेवली, तिच्यावर ओला वॉटर पेपर पसरला आणि इस्त्री त्यावर फिरवली: आधी २२० नंबरचा खरखरीत, मग ४००, ८००, शेवटी १२०० नंबरचा अगदी बारीक. मधले दोन खोल ओरखडे राहू दिले. ते घालवायचे तर तळ बराच झिजवावा लागला असता, आणि कापडाला ते अडत नाहीत.

मूठ कातारीकडून शिसवाची करून घेतली. जुनी होती तेवढीच जाड, पण धरायला गरम लागते. विस्तवावर तापवायच्या इस्त्र्यांना हीच अडचण होती. अमेरिकेत आयोवामधल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी १८७१ साली सुट्या लाकडी मुठीचं पेटंट घेतलं. इस्त्री चुलीवर तापायची आणि मूठ बाजूला गार राहायची. आपल्या इस्त्रीत विस्तवच पोटात, त्यामुळे मूठ काढून ठेवायची सोय नाही. मुठीखालचा पत्रा थोडा रुंद करून बघणार आहे.

निखारे भरताना आजी आठवली. आमच्याकडे आंघोळीचा बंब विझत आला की ती चिमट्याने निखारे इस्त्रीत घालायची आणि अंगणात जाऊन इस्त्रीला दोन-चार झोके द्यायची. वारा लागला की निखारे फुलायचे आणि राख बाहेरच उडून जायची. तळ आधी जुन्या धडप्यावर फिरवायचा, मगच माझ्या गणवेशाचा पांढरा शर्ट. घरात इस्त्री यायच्या आधी पितळी तांब्यात निखारे घालून त्याचाच तळ कपड्यांवर फिरवायचे, असंही ती सांगायची.

तापमान मोजताना एक गोष्ट कळली. लेझरवाला थर्मामीटर चकचकीत पितळेवर फारच कमी आकडा दाखवतो. आपल्याकडे ९२ अंश आला, आणि त्याच तळावर पाण्याचा थेंब टाकला तर क्षणात चर्र होऊन उडाला! चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, म्हणून उपकरण फसतं. मल्टिमीटरची तापमानाची तार तळाला टेकवली तेव्हा खरे आकडे मिळाले: अर्ध्या तासाने मागे १९० अंश, नाकाशी १५५. सुती कापडाला साधारण २०० अंश लागतात, म्हणजे मागचा भाग जवळपास तयार आहे, नाक मागे पडतंय.

खादीचा शर्ट पाणी शिंपडून, गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवला होता. ओलाव्याने आणि उष्णतेने धाग्यातली पकड सैल होते आणि कापड सपाट असतानाच वाळलं की तशीच घडी धरतं. मी सवयीने दाबायला लागलो, तर आई म्हणाली, "दाबू नकोस रे, ती आपली आपण चालते. तू नुसती वळव." खरंच आहे. एवढं वजन असल्यावर हाताने जोर द्यायचं कामच उरत नाही. कॉलर इतकी कडक विजेच्या इस्त्रीने मला कधी जमलेली नाही.

कोळशाचा विषारी वायू जमतो, म्हणून बंद खोलीत ही इस्त्री अजिबात पेटवू नका.

आता जाळी करायची. निखारे थेट तळाला टेकतात म्हणून ताप सारखा पसरत नाही, आणि बाजूच्या भोकांतून राखेचा एक कण बाहीवर पडलाच. ३ मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याला भोकं पाडून, चार पायांवर तळापासून बोटभर उचलून बसवणार आहे. करवंटीचा कोळसाही मागवलाय. ते जमलं की साबुदाण्याची खळ करून आजोबांचं धोतर काढतो.