लसणाचा वास

उजव्या कानात भाता चालतो, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक फुंकर, असं काका दीड वर्ष सांगत होते. कानात थेंब घालून झाले, मळ काढून झाला, शेवटी झोपेच्या गोळ्यांवर आले. आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "रात्री यांच्या कानामागे कान लावला की मलापण ऐकू येतं." मी "हो का" म्हटलं आणि हातातली अंगठी काढून ठेवायला सांगितलं.

सकाळी कॅथलॅबमध्ये रेसिडेंटने कानामागे स्टेथोस्कोप ठेवला आणि मला दिला. फुस, फुस, फुस. दीड वर्षात जेवढे डॉक्टर झाले, त्या सगळ्यांच्या गळ्यात तो होताच की.

जांघेतून कॅथेटर गेला, डाय सोडला आणि पडद्यावर उत्तर आलं. मेंदूच्या जाड आवरणातल्या धमन्या थेट साइनसमध्ये, म्हणजे मेंदूतलं रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेत, उघडत होत्या, मधल्या केशवाहिन्या गायब. शिवाय रक्त उलटं फिरून मेंदूच्या शिरांत चढत होतं. सर म्हणाले, "टू-बी." अशा चुकीच्या जोडांच्या कॉग्नार्डने १९९५मध्ये केलेल्या वर्गवारीत इथून पुढचे प्रकार रक्तस्राव करू शकतात.

आता माझं काम. ऑनिक्स, म्हणजे हा जोड बुजवणारा द्रव. त्याची कुपी शेकरवर २० मिनिटं हलवायची. १५ नाही, २०. नाहीतर त्यातली टँटॅलमची काळी पूड तळाशी बसते आणि द्रव एक्स-रेत नीट दिसत नाही. म्हणजे मेंदूजवळ आंधळेपणाने ते सोडायचं. सरांचं "झालं का रे?" तीनदा आलं. येऊ दे. तोवर मायक्रोकॅथेटर आवरणाच्या (मेनिंजियल) धमनीत टोकाला पोचला होता. आधी डीएमएसओ, ऑनिक्स ज्यात विरघळवलेलं असतं ते औषध, अगदी सावकाश. घाई केली तर नस भाजते. सिरिंजही त्याला चालणारीच हवी, साधं प्लास्टिक विरघळतं.

ऑनिक्स सुरू झालं आणि मॉनिटरचा सूर बदलला. ७४ वरून ३८. आवरणातला मज्जातंतू डिवचला की हृदय असं मंदावतं. भूलतज्ज्ञ मॅडम ओरडल्या, "थांबा!" ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन गेलं. पण दोन मिनिटांहून जास्त थांबलं तर कॅथेटरमध्येच ऑनिक्स घट्ट होतं. सेकंद मोजायचे मीच. "साठ... सत्तर..." नव्वदला मॅडमनी मान हलवली. सरांनी पुन्हा दाबलं. डाय सोडून घेतलेल्या शेवटच्या चित्रात साइनसकडे जाणारी एकही काळी रेघ उरली नव्हती.

संध्याकाळी आयसीयूत काकूंनी काकांच्या कानामागे कान लावला. बराच वेळ. मला आदल्या दिवशीचं माझं "हो का" आठवत होतं. मग त्या सरळ झाल्या आणि कुजबुजल्या, "आवाज नाही. पण यांना लसूण कुणी खायला घातला?"

"औषधाचा वास आहे तो, काकू. एक-दोन दिवसांत जाईल."