तुम्ही विचारलंत म्हणून: एफ४० की ९५९?

ऐंशीच्या दशकातल्या या दोन स्पोर्ट्स गाड्यांत फेरारी एफ४० सरस की पोर्शे ९५९, आणि पैसे कशात टाकावेत? उत्तर दिलं की लगेच ऐकायला मिळतं, "पण आकडे तर वेगळंच सांगतात." मग घ्या आकडे. ९५९: २८४९ सीसी, ४५० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.७ सेकंद. एफ४०: २९३६ सीसी, ४७८ अश्वशक्ती, ४.१ सेकंद; वर कमाल वेगाचा दावा ताशी ३२४ किलोमीटरचा. यातून एवढंच कळतं की चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, म्हणजे ९५९, जागेवरून आधी सुटते.

खरा फरक टर्बोत, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यांत आहे. ९५९ मध्ये आधी एक टर्बो काम करतो आणि इंजिन मिनिटाला साधारण ४३०० फेऱ्यांच्या आसपास पोचलं की दुसरा सामील होतो, त्यामुळे ताकद सलग येते. एफ४०चे दोन्ही टर्बो एकदमच जागे होतात, तोवर गाडी सुस्त. त्यात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा सर्वोही नाही. म्हणून ९५९ जास्त चांगली गाडी, असं मी ठामपणे सांगत असे. अजूनही सांगतो. फक्त बाजार ऐकत नाही.

आता जे कुणीच विचारत नाही ते. एफ४०चं पेट्रोल दोन्ही बाजूंच्या रबरी पिशव्यांत असतं आणि पिशव्यांत स्पंज भरलेला असतो. दहाएक वर्षांत रबर कडक होऊन झिरपायला लागतं. स्पंज कुजून त्याचा भुगा फिल्टरमध्ये आणि पंपात जातो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने हे आणखी लवकर होतं. गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवली म्हणून यातून सुटका नाही. "फक्त चार हजार किलोमीटर चाललेली" गाडी इथेच महागात पडते. पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालूच करू नका, शेजारी तापलेले टर्बो आहेत. पिशव्या आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारा पट्टा) बदलल्याची बिलं मागा, आणि त्यांवरच्या तारखा बघा, किलोमीटर नव्हे. रंगही उजेडात तिरका बघा: मूळ पातळ लाल रंगाखाली केव्हलार या मजबूत धाग्याची वीण दिसते. गुळगुळीत दिसला तर पॅनल पुन्हा रंगवलंय का, ते विचारा.

९५९चा त्रास वेगळा. प्रत्येक चाकाला दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे एकूण आठ. उंची बदलणारी हायड्रॉलिक यंत्रणा. आणि पोकळ आऱ्यांची मॅग्नेशियमची चाकं, ज्यांच्या आऱ्यांतही हवा असते. गंज लागला की हवा उतरते आणि दोष मात्र टायरला दिला जातो. हे काम जाणणारे हात मोजकेच.

किमतीचं म्हणाल तर एफ४० तेराशेच्या वर बनल्या, ९५९ जेमतेम तीनशे. तरीही लिलावात साधी ९५९ बहुधा मागे राहते. ९५९च्याच 'स्पोर्ट' प्रकारच्या २९ गाड्यांची गोष्ट निराळी. पोर्शेला प्रत्येक ९५९मागे तोटा झाला, पण त्याचे पैसे आज कुणी मोजत नाही. एफ४० ही कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींच्या हयातीत मंजूर झालेली शेवटची गाडी, त्याचे मात्र मोजतात. हे मला पटत नाही, पण माझ्या पटण्यावर हातोडा पडत नाही.

आणि "पुण्यात आणता येईल का?" दोन्ही डाव्या स्टिअरिंगच्या, शिवाय जुन्या गाडीच्या आयातीचे नियम आहेतच. दुबईत किंवा लंडनमध्ये ठेवणार असाल तर पुढे बोलू. तेव्हा आधी पेट्रोलच्या पिशव्यांचं बिल पाठवा.