आमची वाटचाल: चौदा सेंटिमीटरची गोष्ट

इंग्लंडमधल्या स्लाउमध्ये बागेतल्या लाकडी खोल्या बांधायला लागून आम्हाला बारा वर्षं झाली. मी चिपळूणचा, भागीदार पोलंडचा सुतार. त्याची मायटर सॉ, म्हणजे कोनात कापायची करवत, आणि माझी जुनी व्हॅन, एवढंच भांडवल. पहिली सात-आठ वर्षं बरी गेली.

मग आली एका गिऱ्हाईक काकूंची खोली. हार्मोनियमच्या रियाजासाठी हवी होती, अगदी कुंपणाला लागून. क्लास ई, म्हणजे बागेतल्या बांधकामांना परवानगीतून सूट देणारा इथला नियम, सांगतो: हद्दीपासून २ मीटरच्या आत बांधायचं तर परवानगीशिवाय उंची फार तर २.५ मीटर. आम्ही २.४८ ठेवली. पण मोजली पायाच्या स्लॅबच्या वरून! तिथेच माती खाल्ली. उंची धरतात ती लगतच्या मूळ जमिनीपासून, चढ असेल तर जिथे जमीन सगळ्यात उंच तिथून. स्लॅब १४ सेंटिमीटर वर आलेला. शेजाऱ्यानं तक्रार केली, कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस टेप घेऊन आला. २.६२.

मागाहून परवानगीचा अर्ज करता आला असता, पण काकूंना शेजाऱ्याशी वाद नको होता. रबराचं छत सोललं, वासे उतरवले, एकेक उभं लाकूड वरून १३ सेंटिमीटर कापलं. खर्च सगळा आमचा. मी व्हॅन विकली, भागीदारानं सहा महिने घरी पैसे नेले नाहीत. काकूंनी उरलेलं बिल त्याच दिवशी चुकतं केलं, वर थालीपिठं. काकांचं डोकं आता दिव्याला लागतं, तर काकू म्हणतात, "रियाजाच्या खोलीत वाकूनच यावं."

तेव्हा आमच्या एका स्पर्धकानं गावभर केलं की आम्ही पाडापाडीवाले. स्वतः मात्र शॉवर, पलंग घालून "आजी-आजोबांची खोली, परवानगी लागतच नाही" म्हणून विकत होता. लागते हो! रियाज, व्यायाम, घरच्या ऑफिसपुरती सवलत आहे, राहण्यासाठी नाही. आणि कोणी झोपणार असेल तर १५ चौरस मीटरच्या आतली खोलीसुद्धा बिल्डिंग रेग्युलेशन्समधून, म्हणजे बांधकामाच्या दर्जाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांमधून, सुटत नाही. आमची तीन गिऱ्हाइकं त्यानं नेली.

धंद्यात नवे असाल तर लेझर लेव्हल (पातळी तपासायचं यंत्र) आधी घ्या, नेलगन नंतर. स्लॅब ओतण्याआधी चारही कोपऱ्यांचे टेपसकट फोटो काढा. गिऱ्हाइकाला लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला, काढायला लावा. सक्ती नाही, पण घर विकताना वकील विचारतात.

गेल्या वर्षी त्या स्पर्धकाचं एक गिऱ्हाईक घर विकायला निघालं. कागद नव्हता. शॉवर काढून द्याल का, म्हणून फोन आमच्याकडे. गेलो. बिल पूर्ण लावलं.