जारवा दिसतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या दिवाळीपासून अकरा जणांनी विचारलं. जाऊबाईंच्या भावाने, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी, परवा खालच्या मजल्यावरच्या सुनेने. आधी विचारतात, 'तुम्ही चारदा अंदमानला जाऊन आलात ना, गाडीने कुठवर जाता येतं?' मग जरा आवाज खाली आणून, 'त्या रस्त्यावर जारवा दिसतात म्हणे. खरंच दिसतात का हो?' पहिल्या प्रश्नावर मी तासभर बोलते. दुसऱ्यावर, म्हणजे अंदमानच्या जंगलातल्या त्या आदिम जमातीबद्दल विचारलं की, गप्प होते, आणि लोकांना वाटतं मला शिष्टपणा चढलाय. एकीने तर तोंडावर सुनावलं, 'स्वतः बघून आलात आणि आम्हाला मात्र नको म्हणता.' ते मला लागलं, कारण त्यात खोटं काही नाही. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील याबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्याचं सांगते. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम झालंय, माझ्या तोंडात जुनंच बसलंय) अंदमान ट्रंक रोड निघतो तो थेट उत्तरेला डिगलीपूरपर्यंत जातो, सव्वातीनशेएक किलोमीटर. जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंतचा साधारण पन्नास किलोमीटरचा तुकडा जारवांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे सगळ्या गाड्यांचा मिळून एक ताफा निघतो, पुढेमागे पोलीस. थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचा नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही. पलीकडे बारटांग. तिथल्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला म्हणून आपण जातो. म्हणजे सांगताना तसं सांगतो.

आम्ही २००९च्या जानेवारीत गेलो. सासऱ्यांना सावरकरांची कोठडी बघायची होती, ते झालं. मग ड्रायव्हर म्हणाला, उद्या बारटांग करू, नशीब असेल तर 'ते' दिसतील. पहाटे साडेतीनला उठून निघालो. जिरकाटांगला अंधारात गाड्यांची ही लांब रांग. चहाच्या टपरीवर सगळे एकमेकांना तेच विचारत होते, काल दिसले का, किती दिसले. सहाला फाटक उघडलं.

पंधरावीस मिनिटं नुसतं जंगल. झाडं इतकी उंच की गाडीत हिरवा अंधार. मग पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट एकामागून एक लागत गेले, आणि आमच्या ड्रायव्हरनेही वेग कमी केला. थांबला नाही तो. थांबायचं नसतं हे त्याला माहीत होतं, आणि न थांबता किती हळू जाता येतं हेही माहीत होतं. डाव्या बाजूला चर होता. चराच्या काठावर एक मुलगा उभा होता, आठनऊ वर्षांचा, माझ्या मुलाएवढाच. गळ्यात आणि कमरेला लाल लोकरीसारखा धागा. हात पुढे वगैरे केलेला नव्हता. नुसता गाड्यांकडे बघत होता, एक गेली की दुसरीकडे.

माझ्या पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता. मी तो काढला. मुलाच्या हातात दिला आणि म्हटलं, टाक, पटकन टाक. त्याने माझ्याकडे बघितलं. चौकीवर लावलेला फलक त्याने मोठ्याने वाचला होता, तासाभरापूर्वीच. मी पुन्हा म्हटलं, अरे टाक ना, गाडी पुढे जाईल. त्याने टाकला.

पुढचं मी अजून जसंच्या तसं सांगू शकते. मुलाने पुडा उचलला. त्याच्या कडेला ती बारीक पट्टी असते बघा, ओढली की कागद गोल फाटत येतो. ती त्याने नखाने शोधली, टोक दातात धरलं आणि एका झटक्यात ओढली. अगदी माझा मुलगा मधल्या सुट्टीत ओढायचा तशी. मी काचेतून मागे वळून बघत होते. बिस्किट त्याने खाल्लं की नाही ते दिसलं नाही, वळण आलं. पट्टी ओढलेली मात्र दिसली. कुणीतरी पहिल्यांदा पुडा टाकला असेल तेव्हा त्याला ती सापडली नसणार. माझा पुडा कितवा होता?

हे मला तेव्हा सुचलं, असं म्हटलं तर खोटं होईल. तेव्हा मला आनंद झाला होता. मी फोटोही काढला होता, काचेवरच्या धुळीतून, अर्धवट. घरी आल्यावर फराळाला आलेल्या प्रत्येकाला दाखवला. आमचं ऐकून तीन कुटुंबं बारटांगला जाऊन आली. आणि गोष्ट सांगताना मी दरवेळी म्हणायचे, 'आमच्या चिरंजीवांनी बिस्किटाचा पुडाच टाकला हो!' सगळ्यांना कौतुक वाटायचं. हळूहळू मलाही तसंच आठवायला लागलं.

२०१२च्या जानेवारीत एका ब्रिटिश वृत्तपत्राने एक व्हिडिओ बाहेर काढला. जारवा बायकांना खायला देण्याच्या बोलीवर नाचायला लावत होते. मी तावातावाने बोलले त्यावर, स्टाफरूममध्ये. लोकांना लाज कशी वाटत नाही, वगैरे. माझा मुलगा बारा वर्षांचा होता. रात्री जेवताना म्हणाला, 'पण आई, पुडा तूच दिला होतास.' एवढंच. पुन्हा तो कधी त्यावर बोलला नाही.

मग मी वाचत बसले. जे जायच्या आधी वाचायला हवं होतं ते. मी भूगोल शिकवत होते, 'अंदमानातील आदिम जमाती' ही ओळ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली होती. 'जारवा' हे नावसुद्धा त्यांचं नाही. शेजारच्या ग्रेट अंदमानींच्या भाषेतला तो शब्द, अर्थ परका माणूस. १९९६ साली पाय मोडलेला एनमेई नावाचा जारवा मुलगा सापडला, पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात बरा झाला, परत गेला, आणि १९९८ पासून ते जंगलाबाहेर येऊ लागले. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. २०११च्या जनगणनेत ते सगळे मिळून ३८०. आमच्या शाळेत पाचवीच्या तुकड्या एकत्र केल्या तरी याच्या जवळपास जातील. खोकला झालेल्या कुणीतरी उघडलेला पुडा काच खाली करून टाकायचा, एवढंही त्यांच्यात साथ पसरायला पुरेसं ठरू शकतं.

२००९ साली गेलेल्या माझ्यातल्या त्या बाईला मी अजून ऐकवते, आणि तीही मला सोडत नाही. ती म्हणते, रस्ता सरकारचा, ताफा सरकारचा, आपण चोरून थोडेच गेलो? मी म्हणते, ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तू त्याच्या साडेसहा वर्षांनी गेलीस. ती म्हणते, मला काय माहीत? खरंच माहीत नव्हतं. पण फलक होता, आणि तो माझ्या मुलाने वाचला होता.

२०१३ मध्ये न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना त्या रस्त्यावर बंदी केली होती, नंतर पुन्हा सुरू झालं. त्यानंतर मी तीनदा गेले ती बोटीने. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे धक्क्यावरून बोट धरून बारटांगच्या पुढे उत्तरेला रंगतला उतरायचं आणि तिथून गाडी करायची. रंगतच्या उत्तरेला ताफा नाही, डिगलीपूरपर्यंतचे दीडशेएक किलोमीटर मोकळेपणी फिरा. धनीनाल्याची खारफुटीतून समुद्रापर्यंत जाणारी लाकडी वाट सकाळी चाला. मायाबंदरजवळ वेबी गावात १९२५ साली ब्रह्मदेशातून आणलेल्या करेन लोकांची घरं आहेत. डिगलीपूरला सॅडल पीक, ७३२ मीटर. रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं ओहोटीला वाळूच्या पट्टीने जोडली जातात. आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर रात्री कालीपूरच्या किनाऱ्यावर बसाच. तिथे चार जातींची कासवं अंडी घालायला येतात. मी एका मादीला वाळू उपसताना बघितलं, मागच्या वल्ह्याने, एकेक ओंजळ वाळू बाहेर काढत. वनखात्याच्या माणसाने बॅटरी लावू दिली नाही, बोलूही दिलं नाही. आम्ही दहाबारा माणसं तासभर अंधारात गप्प बसलो होतो, आणि कुणाला जड गेलं नाही.

हे सगळं मी रंगतच्या लॉजवालीला सांगितलं. बंगाली बाई, वडील फाळणीनंतर इथे वसवलेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'दीदी, माझ्या आईला हार्टचा त्रास झाला तेव्हा समुद्र खवळलेला होता. गाडी त्याच रस्त्याने गेली. तुम्ही चार दिवस येता आणि आमचा रस्ता बंद करा म्हणता?' तिच्याकडे मी जेवले तो बटाटासुद्धा त्याच रस्त्याने आलेला होता. मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. तिच्या आईने कुठून जायचं?

आणि हेही सांगून टाकते. २०१८ मध्ये परतीची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. मी रंगतहून बसने आले. त्याच रस्त्याने. पदर डोळ्यांवर ओढून मधल्या सीटवर बसले. बस मध्येच हळू झाली तेव्हा आजूबाजूचे उठून डावीकडे सरकले. मी पदर काढला नाही. पण विमान चुकवून थांबलेही नाही.

तर, दिसतात का? हो, दिसतात. कधी नाहीही दिसत. तो माझा धुळीतला फोटो जुन्या कॉम्प्युटरवर आहे. पुसून टाकला की मी हे सगळं पुन्हा माझ्या सोयीने आठवायला लागेन, म्हणून ठेवलाय. दाखवणार नाही, मागू नका.

खालच्या मजल्यावरची सून काल पुन्हा आली होती. त्यांच्या पॅकेजमध्ये बारटांग आहे आणि पैसे भरून झालेत. तिची मुलगी सात वर्षांची. मी तिला बोटीचं सांगितलं, कासवांचं सांगितलं. ती म्हणाली, काकू, आता बदलता येणार नाही हो. शेवटी मी म्हटलं, मग निदान मुलीला खिडकीशी बसवू नकोस.

'अहो, तिला गाडी लागते,' ती म्हणाली, 'खिडकीच लागते तिला.'