सिउ युक, तिसरा प्रयत्न: एक कोपरा सोडून फुललं!

सिउ युक म्हणजे कातडीसकट भाजलेलं कँटनी पोर्क. मागच्या दोन्ही वेळची कातडी म्हणजे निव्वळ चप्पल. मांस छान शिजलं होतं, पण हाँगकाँगच्या दुकानांत काचेमागे आकड्याला टांगलेलं सिउ युक लोक घेतात ते वरच्या कुरकुरीत थरासाठीच. 'चार सिउ' या दुसऱ्या कँटनी भाजलेल्या पोर्कचं बरं असतं, कातडी नाही, गोडसर तांबडा मुलामा चढला की झालं. इथे लपायला जागा नाही.

मी आपला ओटीजीला दोष देत होतो. दुसऱ्या खेपेला आईने फ्रीज उघडला (ती पोर्कला हातही लावत नाही) आणि नाक मुरडत म्हणाली, "ओलं आहे की रे अजून. ओली कुरडई कधी फुलते का?" ट्यूब पेटली. कातडी आधी शिजून मऊ व्हायला हवी, मग वाळायला हवी, आणि शेवटी जोराच्या आचेत आत उरलेल्या जराशा पाण्याची वाफ तिला फुगवते. चीक शिजवा, वाळवा, तळा. क्रम तोच.

या वेळी पोटाकडचा सलग तुकडा आणला, १ किलो २०० ग्रॅम, कातडीसकट. (दुकानदार "विंदालूचे पीस करू ना?" म्हणत सुरी उचलतच होता.) कातडीची बाजू १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवली, पुसली आणि दाभणाने टोचत बसलो. मागची दुसरी चूक इथली: भोकं चरबीपर्यंत गेली, भाजताना चरबी वर आली आणि तेवढे डाग चिवट राहिले. आता टोचायचं ते कातडीपुरतंच, पण दाट. हात दुखतो.

मांसाला खालून चिरा देऊन मीठ, साखर, सोया सॉस आणि पाच मसाल्यांची पूड चोळली: चक्रफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग आणि सिचुआन मिरीऐवजी तिरफळं, बिया काढून. दोन्ही एकाच कुळातली, पण तिरफळाचा वास दांडगा, म्हणून निम्मीच घातली. तरी बांगड्याच्या कालवणाची किंचित आठवण आलीच. मला आवडलं. कातडीला मात्र यातलं काही लागू द्यायचं नाही, साखर करपते.

मग फ्रीजमध्ये ३६ तास, झाकण न ठेवता. नखाने वाजवली तर टकटक आवाज येईपर्यंत.

बाजूंनी फॉइल गुंडाळलं, कातडीला व्हिनेगर पुसलं, वर जाड्या मिठाचा थर दिला. १८० अंशांवर एक तास. मिठाची ढेप अख्खी उचलून टाकली, मांस वाकू नये म्हणून दोन सळ्या आरपार घातल्या आणि २४० वर वरचा रॉड. सहाव्या मिनिटाला पहिला फोड आला, मग लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. मी स्टूल घेऊन काचेसमोर बसलो होतो. २२ मिनिटांनी बंद केलं. रॉडखालचा पट्टा काळा पडला, तो दातेरी सुरीने खरवडला. यात लाजण्यासारखं काही नाही, कँटनी आचारीही कातडी करपवून खरवडतात.

१५ मिनिटं थांबून, कातडी खाली ठेवून कापलं. वरून कापलं तर थर सुटून येतो. सोबत मोहरीची चटणी आणि भात.

दाराजवळचा डावा कोपरा अजून चिवट आहे. तिथे रॉडपासूनचं अंतर बोटभर जास्त निघालं. पुढच्या वेळी त्या बाजूला खाली फॉइलचा बोळा घालणार, आणि दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवणार.