आमची वाटचाल : साध्या गुऱ्हाळापासून प्रमाणित गुळापर्यंत

आमच्या गुळाच्या पाकिटावर ‘जैविक भारत’ची हिरवी खूण आहे आणि कोल्हापुरी गुळाचं भौगोलिक मानांकनही आहे. प्रदर्शनात स्टॉल लावला की गिऱ्हाईक दोन्हींकडे बोट दाखवून विचारतं, ‘म्हणजे हा सेंद्रिय आहे ना?’ पहिली खूण तसं सांगते, दुसरी सांगत नाही. भौगोलिक मानांकन गुळाचं गाव सांगतं. कोल्हापूरच्या गुळाला ते २०१४ साली मिळालं आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण उसाला काय फवारलं, काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, काय टाकलं, हे त्यावरून कळत नाही. हा फरक समजावून सांगणं हे आता आमच्या धंद्यातलं रोजचं कामच झालंय, म्हणून ही वाटचाल सविस्तर लिहिते.

आमचं गुऱ्हाळ पन्हाळा तालुक्यात, कासारी नदीकाठच्या गावात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर जायला लागला. आमच्या घरातला गूळही तिथंच सौद्याला, म्हणजे लिलावाला, जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे, म्हणजे आमचे मामा, स्वतः काहिलीजवळ उभे असायचे. हंगामात रात्रंदिवस चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, पेटलेलं, गुळाचे तीस किलोचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, ओळीनं मांडलेले. हिशोबाच्या वह्या माझ्याकडे आल्या, त्यातून पुढचं सगळं घडलं.

सौद्यात दर रंगावर ठरतो. पिवळाधमक गूळ वर, तांबूस खाली. तो पिवळा रंग बहुतेक वेळा हायड्रॉसचा असतो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा. रस उकळताना चिमूट-मूठ टाकली की रंग उजळतो, आणि साठवणीत काही आठवड्यांनी परत काळवंडतो. मागे राहतो तो गंधक. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, आहे. पण सौद्यात गूळ डोळ्यांनी पारखला जातो, प्रयोगशाळेत नाही.

मामांना हायड्रॉस कधीच आवडलं नाही. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवायची, ते बुळबुळीत पाणी रसात घालायचं, मळी वर येते, ती काढायची. गरजेपुरता चुना. एवढ्यावर उत्तम गूळ होतो, फक्त रंग मातकट-तांबूस येतो. आमचे गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर, तात्या पहिल्यांदा म्हणाले, ‘वैनी, ह्यो असला गूळ सौद्याला न्हेला तर कोण ढुंकून बघणार न्हाई.’ त्यांचं बरोबर होतं. म्हणून आम्ही सौदा सोडून थेट विक्रीकडे वळलो. पुण्या-मुंबईच्या घरांत एक किलोच्या ढेपा जायला लागल्या, आणि लोक विचारायला लागले, ‘सेंद्रिय आहे का?’

हायड्रॉस नाही म्हणजे सेंद्रिय, असा समज सगळीकडे आहे. महामार्गावरच्या कितीतरी टपऱ्यांवर तशा पाट्या दिसतात. मला हे मनापासून खटकतं. उसाला युरिया, तणाला २,४-डी, आणि काहिलीत काही टाकलं नाही एवढ्यावर ‘सेंद्रिय’ म्हणायचं, तर जो शेतकरी तीन-तीन वर्षं कमी उतारा सोसून जमीन रासायनिकवरून सेंद्रियवर आणतो त्याच्या कष्टांना काय किंमत राहिली? आम्ही त्या वेळी पाकिटावर ‘हायड्रॉसविरहित’ एवढंच छापलं आणि खऱ्या प्रमाणपत्राच्या मागे लागलो.

देशात दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो २००१ पासून आहे आणि अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या, देखरेखीखाली चालतो. त्यात त्रयस्थ प्रमाणन संस्था येऊन तपासणी करते. दुसरी वाट पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो, गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं पाहतात आणि एकमेकांसाठी सही करतात. रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याच्या बदलाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. खर्च जवळपास नाहीच, पण त्यावर निर्यात होत नाही. २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनी दोन्हींना मान्यता दिली आणि दोन्हींसाठी ‘जैविक भारत’ची एकच खूण आली. लहान शेतकऱ्यानं स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र मग ही खूणही वापरता येत नाही.

आमच्याकडे ऊस देणाऱ्यांपैकी बहुतेकांची जमीन दोन-अडीच एकर. प्रत्येकानं स्वतंत्र प्रमाणपत्र काढणं शक्यच नव्हतं. म्हणून एनपीओपीच्या गट प्रमाणनातून गेलो. गटाचे स्वतःचे अंतर्गत निरीक्षक प्रत्येक शेत वर्षातून दोनदा पाहतात. बाहेरची संस्था सगळी शेतं पाहत नाही. त्यातली काही निवडते आणि त्यावरून अख्ख्या गटाचं ठरवते. एकानं गुपचूप तणनाशक मारलं तर सगळ्यांचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. बाहेरून हे कडक वाटेल, पण आमच्या गावात यानंच शिस्त आली. बांधाला बांध लागून असलेले लोक एकमेकांना विचारू लागले, पंप कुणाचा धुतला, शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा कुठल्या बाजूला होता. शेजारी रासायनिक शेती असेल तिथं बांधाकडच्या सऱ्या सोडून द्याव्या लागतात. तो ऊस वेगळा तोडायचा आणि साधा म्हणून विकायचा.

उसाचा प्रश्न आणखी वेगळा. हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा बदलाचा काळ असतो, बहुवर्षायू पिकाला तोडणीआधी तीन. एकदा लागण आणि मग तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारे खोडवे, असा आमचा ऊस प्रमाणन संस्थेनं तीन वर्षांच्या हिशोबात धरला. तेवढा काळ खर्च सेंद्रियचा आणि दर साधा. इथंच बरेच जण गळतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. जे टिकले ते पाचटामुळे, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यामुळे. पाचट जाळायचं नाही, सरीतच कुजवायचं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट जमिनीत गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माती हातालाच वेगळी लागते. पाण्याच्या पाळ्याही लांबतात.

कागदाचं काम माझं. लोकांना वाटतं प्रमाणपत्र म्हणजे भिंतीवर लावायची चौकट. प्रत्यक्षात तो एक चालता हिशोब आहे. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ पडतो. गटाच्या कुठल्या शेतातून किती ऊस अपेक्षित आहे हे अपेडाच्या ट्रेसनेट प्रणालीत आधीच नोंदलेलं असतं. प्रत्येक घाऊक विक्रीला व्यवहार प्रमाणपत्र निघतं आणि तेवढा माल साठ्यातून वजा होतो. शंभर टन ऊस नोंदवून वीस टन सेंद्रिय गूळ विकता येत नाही, आकडाच पुढे जात नाही. माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेतला हा सगळ्यात भक्कम भाग आहे. प्रयोगशाळेचा अहवाल एका नमुन्याबद्दल बोलतो, हा हिशोब वर्षाच्या सगळ्या गुळाबद्दल बोलतो.

गुऱ्हाळातही तोच नियम. आम्ही अजून काही साधा ऊसही गाळतो, कारण सेंद्रिय उसावर पूर्ण हंगाम भागत नाही. म्हणून सेंद्रियचे दिवस ठरलेले असतात. आदल्या रात्री घाणा, रसाची टाकी, काहील, गूळ ओतायचे वाफे सगळं धुवायचं आणि नोंदवहीत सही करायची. तरीही सकाळच्या पहिल्या सेंद्रिय आदणाचा, म्हणजे एका काहिलीत एका वेळी आटवलेल्या रसाचा, गूळ आम्ही साधा म्हणूनच विकतो. मग प्रत्येक आदणाला क्रमांक. तो पाकिटावर येतो, आणि त्यावरून कुणाच्या शेतातला ऊस, कुठल्या दिवशी तोडला, हे आम्ही फोनवर सांगू शकतो. नवीन पोरं आली की तात्या आता स्वतः त्यांना ही वही दाखवतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला आणि २०२१ च्या जुलैत परत. ऊस दिवसच्या दिवस पाण्याखाली. वरच्या गावांतलं, रस्त्यांवरचं, गटारांचं पाणी शेतात फिरून गेलं. निरीक्षकानं पूरग्रस्त शेतांची माती तपासून घ्यायला लावली आणि अहवाल येईपर्यंत त्या शेतांचा ऊस सेंद्रियमध्ये धरला नाही. ज्यांचं आधीच नुकसान झालं होतं त्यांच्याच मालाला वाट पाहावी लागली. खाणाऱ्याच्या बाजूनं ते योग्यच होतं. पण अशा वेळी शेतकऱ्याला आधार देणारी काही तरतूद या सगळ्यात असायला हवी, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

या खुणांना काय दिसत नाही हेही सांगायला हवं. सेंद्रिय प्रमाणपत्र उसाला किती पाणी पाजलं हे मोजत नाही. चुलवाणात काय जळतं हे आमच्यासारख्याला कुणी खोलात विचारत नाही. काही ठिकाणी जुने टायर जाळतात, आमच्याकडे फक्त वाळलेलं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या कुटुंबांची मजुरी, त्यांच्या मुलांची शाळा, याचा रकाना त्या अर्जात नाही. ऊस-साखरेसाठी बॉन्सुक्रो नावाचं जागतिक मानक आहे, त्यात पाणी आणि मजूर दोन्ही येतात. पण त्याचा पसारा कारखान्यांना झेपणारा आहे, आमच्या गुऱ्हाळाला नाही. म्हणून ठिबक किती शेतांवर आहे आणि तोडणीचा दर काय दिला, हे आम्ही आमच्या माहितीपत्रकात साधं लिहितो, त्याला कुठलं चिन्ह जोडत नाही.

पाकीट छापून देणारे ‘पर्यावरणपूरक’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे शब्द आणि हिरव्या पानांची चित्रं आग्रहानं सुचवतात. आम्ही नाही म्हणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, आता असा शब्द वापरला तर पुरावा दाखवावा लागतो. मला याचा फार आनंद झाला.

निर्यातीचा अनुभव थोडक्यात. एका निर्यातदारामार्फत अमेरिकेतल्या मराठी घरांत आमचा गूळ जायचा. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं भारताच्या सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थेशी असलेला मान्यतेचा करार संपवला. जुन्या प्रमाणपत्रांना २०२२ च्या जुलैपर्यंत मुदत दिली, पुढे तिथलं प्रमाणपत्र थेट वेगळं काढणं आलं. तो खर्च आम्हाला पेलणारा नव्हता. तिकडे सेंद्रिय म्हणून माल पाठवणं आम्ही थांबवलं आणि लक्ष पुण्या-मुंबईवर दिलं.

गावातला एक छोटा गट पीजीएसमध्ये आहे. त्यांचा ऊस आणि काकवी, म्हणजे पातळ गूळ, त्यांची, आम्ही फक्त गाळून, आटवून देतो. काकवी १०५-१०६ अंशांवर उतरवावी लागते, गूळ ११८ च्या आसपास, त्यामुळे त्यांचं आदण वेगळं धरतो. आठवडी बाजारात ते स्वतः विकतात आणि खाणारा माणूस त्यांचं शेत ओळखतो. गावाजवळच्या विक्रीसाठी मला ही पद्धत एनपीओपीपेक्षा जास्त पटते. सरकारी खरेदीत आणि दुकानांत तिला अजून हवी तेवढी किंमत नाही.

एनपीओपीची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. त्यात शेतकरी गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व दिलंय. इतके दिवस आमच्या गटाचं प्रमाणपत्र गुऱ्हाळाच्या नावावर होतं, त्यामुळे शेतकऱ्याला सेंद्रिय ऊस आमच्याकडेच द्यावा लागायचा. आम्ही गटाची उत्पादक कंपनी नोंदवायला मदत केली आणि प्रमाणपत्र तिच्या नावावर नेतोय. घरात यावर बराच वाद झाला, कारण उद्या हाच ऊस दुसऱ्या गुऱ्हाळात जाऊ शकतो. मामा म्हणाले, ‘जमीन त्यांनी बदलली, कागद त्यांच्या नावावर पाहिजे.’ या वर्षीपासून तपासणीची फी गट भरतो आणि आम्ही टनामागे त्यांना ती धरून दर देतो. तो दर गटाच्या बैठकीत दिवाळीआधी ठरतो.